खोपोलीची चक्रे आणि विकतची विद्या

खोपोलीजवळच्या साजगावला कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. किनाऱ्यावरचा सुका बोंबील या यात्रेत इतका येतो की देवालाच लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. भाव ठरला, पैसे मोजले, की माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत. इतिहासावर बेतलेल्या संगणकी खेळांत ज्ञानाचा व्यवहारही असाच चालतो. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या चौथ्या भागात (2005) वर्णमाला शिकलेले राष्ट्र शेजाऱ्याला छपाईची विद्या देऊन त्याच्याकडून बारूद घेऊ शकते. सौदा पुरा होताच त्या राष्ट्राच्या नगरांत बंदुकधारी शिपाई तयार करता येतात. लाखो मुले आणि मोठी माणसे हे खेळ मनापासून खेळतात, म्हणून त्यातल्या या कल्पनेची गंभीरपणे तपासणी व्हायला हवी. आपल्या मुलखाचा इतिहास पाहिला तर तो वेगळेच सांगतो. वस्तू विकत मिळते, कारागीर पगारावर मिळतो, पण ती वस्तू आपल्या हाताने पुन्हा घडवण्याची ताकद कोणत्याही तहात लिहून देता येत नाही.

छपाईचेच पाहा. गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापून निघाले, पण रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे पाडायचे म्हणजे काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो ठसे कोरायचे, आणि ते करणारा माणूसच नव्हता. पुढे सुरतेचा व्यापारी आणि ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल भीमजी पारेख याने ही विद्या सरळ पैसे टाकून मागवली. आपले जुने ग्रंथ छापावेत अशी त्याची इच्छा होती. कंपनीने 1674 मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला पन्नास पौंड पगारावर मुंबईला पाठवला. हिल्सला छापता येत होते, पण खिळे कोरणे आणि ओतणे हा वेगळा धंदा, तो त्याला येत नव्हता. भीमजीने आपल्या पदरच्या कारागिरांकडून अक्षरे पाडून पाहिली, तरीही त्यातून टिकाऊ छापखाना उभा राहिला नाही. यंत्र होते, मुद्रक होता, पैसा होता, हौसही होती. ओतारी तेवढा नव्हता. खेळाच्या हिशेबात भीमजीला ‘छपाई’ केव्हाच मिळालेली असती.

सव्वाशे वर्षांनी हीच अडचण नाना फडणविसांपुढे आली. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला त्यांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ परिसरातल्या लोकांना माहीत आहे. त्यांनी गीता छापण्याचा खटाटोप केला हे कमी जणांना ठाऊक असते. पुण्याच्या ब्रिटिश वकिलातीत वकील मॅलेटच्या आश्रयाने कोरीवकाम शिकलेला एक तांबट त्यासाठी हाताशी होता. नानांच्या मृत्यूनंतर हे काम मिरजेच्या पटवर्धनांकडे गेले आणि 1805 मध्ये गीता छापून निघाली. पण ती सुट्या खिळ्यांनी नव्हे, तांब्यावर पानेच्या पाने कोरून. दुसरा ग्रंथ छापायचा तर पहिल्यापासून सगळे कोरणे आले. देवनागरी छपाई खऱ्या अर्थाने मराठी माणसाच्या हाती आली ती जावजी दादाजींसारख्यांमुळे. पोरवयात ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात कामाला लागले, तिथे वर्षानुवर्षे हात बसला, मग 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये ‘निर्णयसागर’ उभा राहिला. मिशनने त्यांना विद्या विकली नव्हती. एका पोराला कामावर ठेवले होते, एवढेच.

शस्त्रांच्या बाबतीत तर विकणारा आपला हात कधीही काढून घेऊ शकत होता. शिवाजी महाराजांनी 1659 च्या सुमारास कल्याण-भिवंडीला जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज आणि त्याची माणसे कामावर होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फूस दिल्यावर ती सगळी काम टाकून निघून गेली. महाराजांचे आरमार तरीही उभे राहिले, ते इथल्या समुद्राची जाण असलेल्या कोळी-भंडाऱ्यांच्या आणि सुतारांच्या जोरावर. शिंद्यांच्या फौजेचे उदाहरण उलट बाजूने हेच दाखवते. महादजींनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीला नेमून कवायती पलटणी उभारल्या, आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली उत्तम तोफा ओतल्या जात होत्या. पण 1803 मध्ये इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या आपल्या लोकांना परत बोलावले, बरेच अधिकारी निघून गेले आणि सेनापती पेराँ स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाला. 23 सप्टेंबरला असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची भयंकर हानी केली. तरीही लढाई शिंदे हरले. तोफांत खोट नव्हती. त्यांच्या मागे उभे राहणारे, आपल्याच माणसांतून तयार झालेले अधिकारी पुरेसे नव्हते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप साजगावाशेजारीच उभा आहे. टाटांनी 1910 मध्ये जलविद्युत कंपनी काढली, लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवले, ते पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीला सोडले, आणि 1915 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तिथली जलचक्रे झुरिकच्या एशर वाइस कंपनीची होती. पाच वर्षांत विकतची विद्या कामाला लागली, मग खेळ चुकला कुठे, असे कोणी विचारील. आक्षेप खोटा नाही. पैसा आणि धाडस यांनी काय साधते हे खोपोलीने दाखवून दिले. पण नेमके काय विकत आले ते बघावे. कॅलिफोर्नियाच्या लेस्टर पेल्टनने 1880 मध्ये पेटंट घेतलेल्या या चक्राच्या कडेने जोडवाट्या बसवलेल्या असतात. पाण्याची धार दोन वाट्यांमधल्या धारदार कण्यावर आदळून दुभंगते आणि जवळजवळ सगळा जोर चक्राला देऊन खाली पडते. त्या कण्याचा आकार, धातूचा पोत, ओतकामातली सफाई जराशी चुकली तर एवढ्या उंचीवरून येणारे पाणी वाटीच झिजवून टाकते. ही करामत झुरिकलाच राहिली. आपल्याकडे आली ती वीज. मोठी जलचक्रे देशात घडू लागली ती भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, 1960 च्या दशकात, आणि तीही ब्रिटिश एईआय कंपनीशी करार करून, आपले अभियंते तिकडे शिकायला पाठवून आणि इथे प्रशिक्षणशाळा काढून. खोपोलीची खरेदी आणि भोपाळची घडण यांत निम्मे शतक गेले.

दुसरा आक्षेप असा की खेळ म्हणजे खेळ, त्यात सोपेपणा हवाच. हवाच, आणि एक गोष्ट खेळांनी अचूक पकडलीही आहे. चौथ्या ‘सिव्हिलायझेशन’मधला संगणकी राजा कधीकधी तुम्ही फार पुढे जाल या भीतीने सौदाच नाकारतो, वसईच्या पोर्तुगिजांच्या आणि 1803 च्या इंग्रजांच्या मनात हीच भीती होती. मात्र सोपेपणा कुठे आणायचा ही रचनाकाराची निवड असते. मालिकेच्या पाचव्या भागाने (2010) विद्यांची अदलाबदल काढूनच टाकली आणि दोन राष्ट्रांनी पैसे घालून एकत्र संशोधन करायची सोय ठेवली. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागात मराठे खेळायला मिळतात, आणि 2016 पासून तिथे छापखान्यासारखी गोष्ट प्रांताप्रांतातून हळूहळू पसरते. त्याने खेळ रटाळ झाला नाही. म्हणून मराठेशाहीवर खेळ रचू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना एक विनंती आहे. तहाच्या पडद्यावर ‘छपाई’ जरूर ठेवा, पण ती घेतल्यावर खिळे ओतणारा माणूस तयार व्हायला एक पिढी लागू द्या.