एका चित्रकथामालेचे पुनरारंभ आणि तिच्या वाचकांची इतिहासदृष्टी

भूतकाळाविषयी निर्णय देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण बहुधा राज्यसत्ता, धर्मपीठे किंवा घराणी यांच्या संदर्भात विचारतो. ज्याच्या ताब्यात दफ्तर, त्याच्या ताब्यात इतिहास, असे आपण गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका वेगळ्या आणि काहींस क्षुल्लक वाटेल अशा क्षेत्रात तपासून पाहावयाचा आहे. अमेरिकेत ‘डीसी कॉमिक्स’ या संस्थेने प्रसिद्ध केलेली ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ ही चित्रकथामाला १९५८ मध्ये सुरू झाली. १९९४ मध्ये प्रकाशकांनी तिचा छत्तीस वर्षांचा संपूर्ण कथाभाग रद्द ठरवून ती पहिल्यापासून नव्याने मांडली, आणि दहा वर्षांनी त्या नव्या मांडणीचीही तीच गत केली. रद्द ठरलेल्या भूतकाळाचे पुढे काय झाले व तो कोणी राखला, हे पाहणे उद्बोधक आहे.

या मालेचा जन्म एका किरकोळ कथेतून झाला. ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’ या मासिकाच्या एप्रिल १९५८ च्या, म्हणजे २४७ व्या अंकात ऑटो बाइंडर यांनी लिहिलेली आणि ॲल प्लॅस्टिनो यांनी चितारलेली सुपरबॉयची एक कथा प्रसिद्ध झाली. एक हजार वर्षांनंतरच्या जगातून तीन तरुण येतात आणि सुपरबॉयला आपल्या मंडळाचे सभासदत्व देऊ करतात, एवढाच तिचा विषय. कॉस्मिक बॉय, सॅटर्न गर्ल आणि लाइटनिंग बॉय (जो पुढे लाइटनिंग लॅड झाला) ही त्या तिघांची नावे. संपादक मॉर्ट वाइझिंगर यांना ही कथा चालू ठेवावयाची होती, असे त्या अंकावरून दिसत नाही. परंतु वाचकांची उत्सुकता टिकून राहिली आणि १९६२ मध्ये, ३०० व्या अंकापासून, या मंडळास त्या मासिकात कायमचे स्थान मिळाले.

येथे त्या काळच्या व्यवसायाची रीत लक्षात घेतली पाहिजे. चित्रकथांचा वाचक हा लहान मुलगा असतो, तो चारपाच वर्षे हे अंक वाचतो आणि मग त्यांतून बाहेर पडतो, अशी प्रकाशकांची समजूत होती. म्हणून जुन्या कथा थोड्या फरकाने पुन्हा सांगण्यास त्यांना संकोच वाटत नसे. लीजनच्या वाचकांनी ही समजूत खोटी ठरविली. सभासद अनेक, प्रत्येकाचा ग्रह निराळा, प्रत्येकाची शक्ती निराळी. त्यामुळे कोण केव्हा दाखल झाला, कोण केव्हा मेला, याची नोंद ठेवणे हाच वाचनाचा एक भाग होऊन बसला. १९६३ मध्ये लाइटनिंग लॅडचा मृत्यू झाला व त्याच वर्षी तो पुन्हा जिवंत झाला. १९६७ मध्ये फेरो लॅड मेला तो मात्र परतला नाही. अशा घटनांना या मालेत परिणाम होते. मंडळाचा नेता कोण असावा यासाठी वाचकांची मते मागविली जात, आणि त्यांनी सुचविलेली पात्रे वाचकपत्रांच्या पानावर छापली जात. जिम शूटर या पिट्सबर्गच्या मुलाने घरी बसून लिहिलेल्या कथा संपादकांनी स्वीकारल्या. १९६६ मध्ये त्याची पहिली कथा प्रसिद्ध झाली तेव्हा तो अवघा चौदा वर्षांचा होता.

१९६९ मध्ये लीजनचे ‘ॲडव्हेंचर’मधील स्थान गेले आणि ती इतर मासिकांच्या मागच्या पानांत कशीबशी जगू लागली. याच पडत्या काळात वाचक संघटित झाले, ही गोष्ट महत्त्वाची होय. १९७२ मध्ये ‘द लीजन आउटपोस्ट’ हे हौशी नियतकालिक निघाले. १९७३ मध्ये सुपरबॉयच्या मासिकाच्या शीर्षकात लीजनचे नाव आले. १९७६ मध्ये ‘इंटरलॅक’ हे मंडळ स्थापन झाले. त्याचे नाव कथेतील भावी जगाच्या भाषेवरून घेतलेले आहे. या मंडळाची पद्धत अशी की, प्रत्येक सभासदाने आपली पाने स्वखर्चाने छापून संकलकाकडे धाडावयाची आणि संकलकाने ती एकत्र करून सर्वांस टपालाने पाठवावयाची. या पानांत कथांची चिकित्सा होई आणि परस्परविरोधी घटनांची संगती लावली जाई. वाचक आणि लेखक यांमधील अंतरही याच काळात कमी झाले. हौशी नियतकालिकाचे संपादक म्हणून या क्षेत्रात आलेले पॉल लेव्हिट्झ पुढे मालेचे प्रमुख लेखक झाले. कीथ गिफेन या चित्रकारासमवेत १९८२ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली ‘द ग्रेट डार्कनेस सागा’ ही कथा आजही मालेचा उत्कर्षबिंदू मानली जाते.

पुनरारंभाचे कारण मालेच्या बाहेर घडले. १९८५–८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स’ या कथेद्वारे प्रकाशकांनी आपल्या सर्व मालांचे मिळून एकच विश्व केले. त्यानंतर १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनचे चरित्र नव्याने लिहिले, आणि त्यात सुपरमॅन लहानपणी कधी सुपरबॉय झालाच नाही, असे ठरले. ज्याच्या आदर्शावर लीजनची स्थापना झाली तो आदर्शच नाहीसा झाला. १९८७ मध्ये एक वेगळे छोटे विश्व कल्पून ही फट बुजविण्याचा यत्न झाला. १९८९ मध्ये गिफेन यांनी टॉम व मेरी बियरबॉम या, ‘इंटरलॅक’च्या वर्तुळातूनच आलेल्या दांपत्यासमवेत पाच वर्षांनंतरच्या उद्ध्वस्त जगाची कथा सुरू केली, तीतही जुन्या पात्रांच्या जागी नवी पात्रे बसवून मागचा इतिहास पुनः सांधावा लागला. १९९३ मध्ये त्याच नायकांच्या तरुण प्रतिकृतींना ‘लीजनेअर्स’ हे स्वतंत्र मासिक मिळाले. आता एकाच मंडळाच्या दोन आवृत्त्या एका वेळी नांदू लागल्या. नव्या वाचकास प्रवेश करणे दुर्घट झाले होते, हे प्रकाशकांचे म्हणणे निराधार नव्हते.

१९९४ मध्ये ‘झिरो अवर’ या कथेच्या निमित्ताने जुन्या लीजनचा काळ विलयास गेला. ऑक्टोबर १९९४ चा क्रमांक असलेल्या शून्य अंकापासून नवी लीजन सुरू झाली. मार्क वेड, टॉम मॅक्रॉ आणि लवकरच टॉम पायर यांनी तिची उभारणी केली. जुने नायक पुन्हा किशोरवयीन झाले. लाइटनिंग लॅडचा लाइव्ह वायर झाला, फॅन्टम गर्लची ॲपरिशन झाली. एक्सएस, किनेटिक्स, गेट्स ही पात्रे नव्याने आली. जुन्या वाचकांपैकी अनेकांना हा आघात वाटला. त्यांचा आक्षेप केवळ कथेच्या गुणावगुणांवर नव्हता. ज्या घटना त्यांनी तीस वर्षे नोंदून ठेवल्या होत्या त्या ‘घडल्याच नाहीत’ असे प्रकाशकाने जाहीर केले, हे त्यांचे दुःख होते.

याच्या पुढचा भाग अधिक विचारार्ह आहे. नव्या लीजननेही आपले वाचक मिळविले. डॅन ॲबनेट व अँडी लॅनिंग या लेखकद्वयाने २०००–०१ मध्ये लिहिलेली ‘लीजन लॉस्ट’ ही बारा अंकांची कथा तर पुनरारंभाच्या विरोधकांपैकीही काहींना आवडली. परंतु २००४ मध्ये ही लीजनही समाप्त करण्यात आली आणि मार्क वेड यांनीच, बॅरी किट्सन या चित्रकारासह, तिसरी लीजन उभी केली. ज्याने पहिला पुनरारंभ रचला त्याच्याच हातून दुसरा व्हावा, हा योगायोग मोठा बोलका आहे. आता १९९४ ची लीजन ज्यांची पहिली लीजन होती, त्या वाचकांवर दहा वर्षांपूर्वीच्या वडीलधाऱ्या वाचकांचीच पाळी आली. कालचा आक्रमक आजचा वारसा झाला.

या अनुभवातून वाचकांनी एक कालविभागणी तयार केली. संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या क्रियेवरून ‘रीबूट’ हा शब्द आलाच होता. त्यावरून पहिल्या काळास ‘प्रीबूट’, दुसऱ्यास ‘रीबूट’ आणि तिसऱ्यास विनोदाने ‘थ्रीबूट’ अशी नावे रूढ झाली. प्रकाशकांच्या दृष्टीने कोणत्याही क्षणी एकच लीजन खरी होती. वाचकांच्या कालविभागणीत मात्र तिन्ही एकाच पातळीवर आल्या; खरी कोणती हा प्रश्न मागे पडून कोणती केव्हाची हा प्रश्न पुढे आला. निष्ठेची जागा कालक्रमाने घेतली, आणि माझ्या मते येथेच या वाचकांची दृष्टी चाहत्याची न राहता इतिहासकाराची झाली.

प्रकाशकांनाही ही दृष्टी अखेर मान्य करावी लागली. २००८–०९ मध्ये जेफ जॉन्स यांनी लिहिलेल्या आणि जॉर्ज पेरेझ यांनी चितारलेल्या ‘लीजन ऑफ थ्री वर्ल्ड्स’ या पाच अंकांच्या कथेत तिन्ही लीजन एकत्र आणल्या गेल्या. १९९४ च्या लीजनच्या विश्वास तीत ‘अर्थ-२४७’ असा क्रमांक मिळाला. हा आकडा १९५८ च्या त्या अंकाचा, हे जाणत्या वाचकास सांगावे लागले नाही. पण ते विश्व नष्ट झाले असून त्यातील वीर आता निराश्रित आहेत, असेही तेथेच ठरले. कथेतील खलनायक सुपरबॉय-प्राइम हा वाचकांच्याच पृथ्वीवरचा. शेवटी तो आईबापांच्या घरात चित्रकथा वाचीत व कुरकुरत बसलेला दिसतो. वाचकांच्या स्मृतीस मान द्यावयाचा आणि त्याच वेळी तक्रारखोर वाचकाची टरही उडवावयाची, ही प्रकाशकांची द्विधा वृत्ती या चित्रात स्पष्ट उमटली आहे. २०१९ मध्ये ब्रायन मायकेल बेंडिस यांनी मालेचा आणखी एक नवा आरंभ केला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता साधनांविषयी. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास बखर आणि समकालीन पत्र यांतील भेद निराळा सांगावयास नको. तोच भेद येथेही पाळला पाहिजे. १९९४–९५ मधील वाचकपत्रे व हौशी पाने ही समकालीन साधने. २००४ नंतरच्या आठवणी व निबंध ही मागाहून लिहिलेली. २००३ चा ‘द लीजन कम्पॅनियन’ हा मुलाखतींचा ग्रंथ पहिला पुनरारंभ चालू असतानाच निघाला. २००८ चा ‘टीनेजर्स फ्रॉम द फ्यूचर’ हा निबंधसंग्रह तो संपल्यावर. दोहोंची साक्ष सारख्या मोलाची धरता येणार नाही. मागाहून लिहिणाऱ्यास शेवट ठाऊक असतो, आणि जे संपले त्याविषयी तो उदार होतो.

दुसरे असे की, ही सारी साक्ष टिकून राहिलेल्यांची आहे. १९९४ मध्ये ज्यांनी अंक घेणे सोडले त्यांनी पुढे आठवणी लिहिल्या नाहीत. त्यांचे मौन हाही पुरावाच होय, परंतु तो मोजता येत नाही. म्हणून पुनरारंभाविषयी कालांतराने वाचकांचे मत निवळले असे म्हणताना, कोणत्या वाचकांचे, हे विचारले पाहिजे. तिसरी गोष्ट पुनर्मुद्रणाची. १९५८ पासूनच्या कथा १९९१ पासून बांधीव खंडांत क्रमाने निघू लागल्या. १९९४ नंतरच्या प्रारंभीच्या कथांचा एक संग्रह १९९९ मध्ये आला. त्यांचे क्रमवार खंड निघण्यास मात्र २०१७ साल उजाडले. जे पुन्हा छापले जाते ते नव्या पिढीस मूळ वाटते, आणि जे जुन्या अंकांतच राहते ते अपवादासारखे दिसते. भूतकाळ रद्द करण्याचा अधिकार प्रकाशकाने कथेत वापरला त्याहून परिणामकारक रीतीने छापखान्यात वापरला, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, कथेतील घटना रद्द करता येते, पण ती वाचली गेल्याची घटना रद्द करता येत नाही. पहिली प्रकाशकाच्या मालकीची आहे. दुसरी वाचकाच्या आयुष्यातील असल्यामुळे इतिहासाच्या कक्षेत येते. लीजनच्या वाचकांनी प्रथम आपल्या आवडत्या काळाचा कैवार घेतला, आणि पुढे एकाहून अधिक पुनरारंभ पाहिल्यावर सर्व काळांची नोंद ठेवण्याची जबाबदारी पत्करली. त्यांची साधने मात्र नाशवंत आहेत. मोजक्या प्रतींची हौशी पाने सभासदांच्या घरी पडून आहेत, आणि ती पिढी आता वृद्ध झाली आहे. लोकप्रिय वाङ्मयाच्या इतिहासात वाचकाला स्थान द्यावयाचे असेल, तर ही पाने ग्रंथालयांत येणे हे पहिले काम आहे. अर्थ लावण्याचे काम त्यानंतरचे.