वर्तुळाचे विभाजन : हात आणि हिशेब



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी यंत्रशाळेतला विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. बेळगावात तरी ते वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावी सायकलीचे दुकान थाटले आणि त्यांच्याच उद्योगाच्या परिवारातून १९२० साली एका मराठी मासिकाचा उगम झाला. लेखणी आणि कानस यांचे वैर आपल्या परंपरेत नाही. ते मागाहून शाळांच्या वेळापत्रकांनी निर्माण केले.

आज छंद म्हणून घरी छोटे संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र बसवणारे तरुण आपल्याकडेही दिसतात. असे यंत्र डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी चालते. त्यावर काम गोल फिरवणारा चौथा अक्ष बसवला की दातेरी चक्र, नागमोडी खाच किंवा कोरीव खांब घडवता येतो. हा फिरता अक्ष डाव्या-उजव्या दिशेभोवती फिरत असेल, तर त्यास ‘ए’ अक्ष म्हणतात. वरवर पाहता ही एका सुट्या भागाची जोड आहे. तिच्यामागे मात्र अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

त्या इतिहासाचा आरंभ समुद्रावर होतो. जहाजाचे स्थान ठरवण्यासाठी सेक्स्टंटवरील अंशांच्या रेघा अचूक असाव्या लागत आणि त्या कंपासाने हाती आखाव्या लागत. लंडनचा उपकरणकार जेसी रॅम्सडेन याने १७७०च्या दशकात यासाठी एक यंत्र सिद्ध केले. ४५ इंच व्यासाचे चक्र, त्याच्या कडेला २१६० दाते आणि त्यांत गुंतलेला मळसूत्री दांडा, अशी त्याची रचना होती. २१६० भागिले ३६० म्हणजे सहा. म्हणून दांड्याचे सहा फेरे म्हणजे एक अंश, आणि एक फेरा म्हणजे दहा कला. १७७७ साली ब्रिटिश रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले, परंतु यंत्राचे वर्णन प्रसिद्ध करावे आणि इतर कारागिरांनाही ही विद्या शिकवावी, अशी अट घातली. ही अट मला यंत्राइतकीच मोलाची वाटते.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या भागांना भोके पाडण्यासाठी लागणाऱ्या ड्रिलांच्या पिळदार खाचा कारागीर गोल कानशीने हाती घासत. प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राउन याने यावर उपाय म्हणून सार्वत्रिक मिलिंग यंत्र रचले. १८६२ साली ते विक्रीस आले. मेज पुढे सरकत असतानाच काम स्वतःभोवती फिरावे, ही त्यातील मुख्य कल्पना. आजचा ‘ए’ अक्ष हा तिचाच वंशज होय.

या परंपरेतील विभाजक शीर्ष, म्हणजे कामगारांचे ‘डिव्हायडिंग हेड’, बहुधा चाळीसास एक या प्रमाणाचे असते : हँडलचे चाळीस फेरे म्हणजे कामाचा एक फेरा. सात दात्यांचे चक्र कापायचे असेल, तर चाळीस भागिले सात, म्हणजे पाच पूर्ण फेरे आणि पाच-सप्तमांश. तो अपूर्णांक साधण्यासाठी एकवीस भोकांच्या वर्तुळावर पंधरा भोके पुढे जावयाचे. फारसे शिक्षण नसलेल्या कामगारालाही हे गणित मुखोद्गत असे. हात आणि हिशेब एकाच देहात नांदत होते.

त्यांची फारकत विसाव्या शतकात झाली. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या जॉन पार्सन्सच्या कल्पनेतून, अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर, एमआयटीच्या प्रयोगशाळेने १९५२ साली छिद्रांकित पट्टीच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. कुशल कामगाराच्या हालचाली नोंदवून त्याच पुन्हा घडवण्याची पद्धतीही त्याच सुमारास उपलब्ध होती. पण तिची पीछेहाट झाली. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, या निवडीमागे केवळ अचूकता नव्हती, तर कारखान्यावरील सत्ता कामगाराच्या हातून कचेरीत नेण्याची इच्छाही होती. हे मत सर्वांना मान्य नाही. तथापि आज्ञा लिहिणारा एक आणि यंत्रापाशी उभा राहणारा दुसरा, ही विभागणी दृढ झाली, हे नाकारता येत नाही.

छंदाचे यंत्र या पार्श्वभूमीवर पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९९०च्या दशकात विकसित झालेले नियंत्रक सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले ठेवले गेले. त्याचाच पुढील अवतार आज ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने प्रचलित आहे. रॅम्सडेनवर घातलेल्या अटीचेच हे आधुनिक रूप. त्यामुळे चित्र काढणारा, आज्ञा लिहिणारा आणि चक आवळणारा हा पुन्हा एकच माणूस झाला.

मात्र त्याच्यापुढे जुनेच प्रश्न उभे राहतात. सामान्य स्टेपर मोटर एका फेऱ्यात दोनशे पावले टाकते; चाळीसपट वर्म जोडला की आठ हजार पावले होतात, म्हणजे एक पाऊल ०.०४५ अंशांचे. ५० मिलिमीटर त्रिज्येवर हे सुमारे ०.०४ मिलिमीटर भरते. पण दिशा बदलताच वर्ममधील ढिलाई हा हिशेब खाऊन टाकते. म्हणून सर्व मोजमापांपूर्वी एकाच दिशेने येण्याची जुन्या कारागिरांची शिस्त आजही पाळावी लागते. अक्षाची मध्यरेषा मेजाच्या चालीशी समांतर नसेल, तर खाच एका टोकाला खोल आणि दुसऱ्याला उथळ होते. शिवाय मिनिटाला तेवढेच अंश फिरले, तरी १०० मिलिमीटर व्यासाच्या कामाचा पृष्ठभाग १० मिलिमीटरच्या कामापेक्षा दहापट वेगाने सरकतो. संगणक आज्ञा पाळतो. हा विचार मात्र माणसालाच करावा लागतो.

म्हणून माझे या शाळेच्या चालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना नम्र सांगणे आहे. असे एखादे यंत्र शाळेत आणा, पण त्याच्याशेजारी हाताने फिरणारे जुने विभाजक शीर्षही ठेवा. मुलाने प्रथम चाळीस भागिले सात स्वतः करावे, भोके मोजावीत आणि मगच संगणकाला अंश सांगावेत. शिवाय त्याने आपली कृती स्वच्छ मराठीत लिहून काढावी. ज्याला आपले काम आपल्या भाषेत सांगता येते, त्याच्या हातून ती विद्या सहजासहजी कोणी काढून घेऊ शकत नाही.