खुब्याभोवतीची अस्थिवृद्धी : एका शस्त्रक्रियेचा इतिहास आणि अहमदनगर जिल्हा

खुब्याच्या सांध्याभोवती जेथे केवळ स्नायू असावयाचे, तेथे कधी कधी खरे हाड तयार होते आणि सांधा हळूहळू जखडला जातो. मेरुरज्जूची वा मेंदूची इजा, भाजणे, हाड मोडणे आणि खुद्द सांध्यावरील शस्त्रक्रिया ही त्याची प्रमुख कारणे होत. मांडी घालून जेवणाऱ्या आणि शेतात उकिडवे बसून खुरपणाऱ्या समाजात हे अपंगत्व विशेष जाचक ठरते.

या विकाराचे वर्णन १८८३ मध्ये जर्मन शल्यवैद्य रीडेल यांनी केले. परंतु त्याकडे वैद्यकाचे खरे लक्ष वेधले ते पहिल्या महायुद्धाने. मेरुरज्जूस इजा झालेल्या सैनिकांवरील निरीक्षणे ऑगस्टा देजरीन-क्लुम्पके आणि सेये यांनी १९१८ मध्ये मांडली. १९६२ नंतर चार्नली यांच्या कृत्रिम खुब्याचा प्रसार झाला, तेव्हा हीच अस्थिवृद्धी शस्त्रक्रियेचा उपद्रव म्हणून पुढे आली. ब्रूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तिच्या चार श्रेणी ठरविल्या.

हे हाड काढणे सोपे नव्हे. मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू त्यात वेढले गेलेले असतात आणि रक्तस्राव पुष्कळ होतो. म्हणून सर्व हाड न काढता सांधा हलेल इतकेच काढण्याचा प्रघात पडला. काढलेले हाड पुन्हा वाढते, हा दुसरा कटू अनुभव. त्यावरून हाड परिपक्व होईपर्यंत, बहुधा वर्ष-दीड वर्ष, थांबण्याचा नियम रूढ झाला. पुनर्वृद्धी रोखण्यासाठी इंडोमेथासिन आणि किरणोपचार यांची जोड मिळाली. अलीकडील अभ्यासांनी मात्र या नियमाविषयी शंका उपस्थित केली आहे. दीर्घकाळ न हललेल्या मांडीचे हाड ठिसूळ होते व शस्त्रक्रियेच्या वेळी मोडू शकते. तात्पर्य, प्रतीक्षेचीही किंमत असते.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात या प्रश्नाला अंतराचे परिमाण लाभते. सैनिकांसाठी १९७४ मध्ये खडकी येथे अधरांगवाताच्या रुग्णांचे पुनर्वसन केंद्र निघाले. ऊसतोडणी कामगारास वा विहिरीत पडलेल्या शेतकऱ्यास तसा आधार नव्हता. १९८४ मध्ये लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि वैद्यकीय शिक्षण ग्रामीण भागात आले. तत्पूर्वी, १९७० मध्ये, रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे आरोग्यप्रकल्प सुरू करून गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले होते.

या दोन घटना एकत्र पाहिल्या पाहिजेत. इजेनंतरच्या आठवड्यांत सांधा सुजून ताठर होऊ लागला, तर ते प्रथम घरच्यांच्या वा सेविकेच्या दृष्टीस पडते. जोरकस मालिश टाळण्याचा सल्लाही तेथेच उपयोगी पडतो. शस्त्रक्रियेनंतरचा व्यायामही घरीच चालू ठेवावा लागतो. शल्यगृहात मिळविलेली हालचाल टिकते की नाही, याचा निर्णय अखेर गावातच होतो.