मोसुलचा अलाबास्टर: नखाने ओरखडा पडणारा दगड

अलाबास्टर या एकाच नावाखाली दोन वेगळे दगड येतात. कैरोच्या किल्ल्यातील मोहम्मद अली पाशांच्या मशिदीत भिंतींना लावलेला इजिप्तचा अलाबास्टर म्हणजे कॅल्साइट. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फेस येतो. (संग्रहालयात हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.) इराकमधील मोसुलचा अलाबास्टर मात्र जिप्सम आहे. तो इतका मऊ असतो की नखानेही ओरखडा उठतो. तिथले लोक त्याला ‘मोसुलचा संगमरवर’ म्हणतात, पण संगमरवराशी त्याचे नाते फक्त दिसण्यापुरते.

मऊ असल्यामुळेच कारागिरांना तो आवडला. असिरियन राजांनी निमरुद, खोरसाबाद आणि निनवे इथल्या महालांत कच्च्या विटांच्या भिंतींना याच दगडाच्या कोरीव पाट्या लावल्या. दाढीचा एकेक कुरळा केस, सिंहाच्या अंगावरची एकेक शीर त्यात उतरली. दारावरचे पंखवाले बैल, म्हणजे लमासू, याच दगडाचे. बाजूने पाहताना चार आणि समोरून दोन पाय दिसावेत म्हणून त्यांना पाच पाय दिलेले असतात.

या दगडाचे दोन दुश्मन: पाणी आणि आग. एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम जिप्सम विरघळते, म्हणून उघड्यावरचे कोरीवकाम पावसाने हळूहळू पुसट होते. तापवला की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि उरते ते आपल्या ओळखीचे प्लास्टर ऑफ पॅरिस. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे जळाले, त्याच्या खुणा अनेक पाट्यांवर आजही दिसतात.

इस्लामी काळातही मोसुलने हा दगड सोडला नाही. मशिदी, चर्च आणि साधी घरे, सगळ्यांच्या चौकटी आणि कमानी यातूनच कोरल्या गेल्या. कारागीर तेच, गिऱ्हाईक वेगवेगळे.

२०१५ मध्ये ‘दाएश’ने निनवेच्या नेर्गल दरवाजावरचा लमासू ड्रिलने फोडला. त्याच सुमारास संग्रहालयात फोडलेल्या काही मूर्ती प्लास्टरच्या नकला निघाल्या. हा लमासू मात्र अस्सल होता. २१ जून २०१७ रोजी अल-नूरी मशीद आणि तिचा झुकलेला अल-हदबा मिनार उडवला गेला. नूरुद्दीन झंगी यांनी बाराव्या शतकात बांधलेली ही मशीद. युनेस्कोच्या देखरेखीखाली ढिगारा उपसताना नमाजाच्या दालनाखाली वजूच्या जुन्या खोल्या सापडल्या, तर २०२४ मध्ये भिंतीत लपवलेले पाच बॉम्बही निघाले. मिनार पुन्हा उभा राहिला तो ढिगाऱ्यातून वेचलेल्या हजारो जुन्या विटा वापरून.

निमरुदच्या पाट्या पाहायच्या असतील तर इराकला जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनला निघालेल्या पेट्या बसऱ्याहून मुंबई बंदरात आल्या होत्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही काही असिरियन पाट्या आहेत. मुलांना घेऊन जा, आणि हात लावू नका.