स्वागत समितीच्या यादीत नसलेली नावे

साहित्य संमेलनांचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तो अध्यक्षांच्या नावांनी. १८७८, पुणे, न्यायमूर्ती रानडे, इथून सुरुवात होते आणि पुढे साल, गाव, अध्यक्ष अशी तीन रकान्यांची यादी विद्यार्थी पाठ करतात. त्यातला मधला रकाना, म्हणजे गाव, परीक्षेपुरता उरतो. वस्तुतः संमेलन अध्यक्ष भरवत नाहीत. गावातली माणसे भरवतात. कुणी वर्गणीच्या पावत्या फाडतो, कुणी निवासासाठी शाळेच्या खोल्या मिळवतो, कुणी मंडपवाल्याशी घासाघीस करतो. निमंत्रितांच्या कविसंमेलनात स्थानिक कवी किती, स्मरणिकेत गावाचा इतिहास कुणी लिहायचा, संध्याकाळच्या करमणुकीत लोककला ठेवायची की नाटक, असे कितीतरी निर्णय स्वागत समितीच्या बैठकांत होतात. अध्यक्षीय भाषण पुढे ग्रंथात जाते. समितीचे इतिवृत्त कपाटात वाळवीच्या स्वाधीन होते. पण एखाद्या गावाने आपली संस्कृती म्हणून पाहुण्यांपुढे काय मांडले आणि काय माजघरातच राहू दिले, हे जाणून घ्यायचे तर समितीकडेच पाहावे लागते.

खानदेशापुरती ही यादी लहान आहे. जळगाव १९३६, धुळे १९४४, अमळनेर १९५२, जळगाव १९८४ आणि अमळनेर २०२४. तिच्या आधी मात्र आणखी एक साल लिहायला हवे. ते १९०७.

जळगाव हे तेव्हा 'काव्यरत्नावली'चे गाव होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले, केवळ कवितेला वाहिलेले हे मासिक १९३५ पर्यंत चालले. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका गावातून जवळजवळ अर्धशतक फक्त कवितेचे मासिक निघावे, ही गोष्ट आजही नवलाची वाटते. केशवसुतांपासून बालकवींपर्यंत आधुनिक मराठी कवितेची पहिली पिढी त्याच्या पानांवर भेटते. याच जळगावात १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने लष्करी वैद्य, व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. मराठीतल्या सर्वश्रेष्ठ निसर्गकवीचे बारसे एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातून व्हावे, हा योगायोग मला नेहमी गोड वाटत आला आहे. पण इथे महत्त्वाचे ते वेगळेच आहे. नावलौकिक नसलेल्या एका मुलाला त्या संमेलनात उभे राहायला जागा मिळाली. सगळा कार्यक्रम आधीच मान्यवरांनी भरलेला असता तर ही घटना घडलीच नसती.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, १९३६ मध्ये, मराठी साहित्य संमेलन जळगावला आले. अध्यक्ष माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन. या निवडीत 'काव्यरत्नावली'च्या गावाची अभिरुची दिसते असे म्हणायला हरकत नाही. कवी तर ते होतेच, शिवाय फार्शीचे प्राध्यापक, फार्शी-मराठी कोशाचे कर्ते आणि 'छंदोरचना'सारख्या ग्रंथाचे लेखक. मराठी पद्याचे मोजमाप एवढ्या बारकाईने त्यांच्याआधी कुणी केले नव्हते. १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. याच सुमाराला ते भाषाशुद्धीच्या बाजूला आले होते आणि त्यांचे 'भाषाशुद्धिविवेक' हे पुस्तकही १९३८ चेच. थोडक्यात, मराठी कविता कोणत्या छंदात आणि कोणत्या भाषेत लिहिली जावी याचा त्या काळातला सर्वाधिक अधिकारी पुरुष जळगावच्या व्यासपीठावर होता.

आणि त्याच जळगावात, चौधरी वाड्यात, पंचावन्न-छप्पन्न वर्षांची एक विधवा शेतकरी बाई पहाटे जात्यावर बसत होती. आसोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नसलेली. बहिणाबाईंच्या ओव्या त्या काळी शेतात, घरात, जात्याभोवती ऐकू येत असणार. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी त्यांतल्या काही उतरवून ठेवल्या म्हणून त्या वाचल्या. 'छंदोरचना'चा कर्ता आणि ओवीची ही निर्माती एकाच गावात, पण दोघांच्या मध्ये असलेले अंतर कोणत्याही तांग्याने कापता येण्यासारखे नव्हते.

इथे एक मोह टाळायला हवा. जळगावच्या स्वागत समितीने बहिणाबाईंना डावलले, असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. डावलण्यासाठी आधी दिसावे लागते. निमंत्रण छापील नावाला जाते आणि बहिणाबाईंच्या नावावर तेव्हा छापील ओळ नव्हती. समिती दुष्ट नव्हती, आळशीही नसेल. तिच्यापुढच्या कागदात ज्यासाठी रकाना होता तेच तिला दिसत होते. मला वाटते, समिती नावाच्या संस्थेबद्दलचा खरा प्रश्न हाच आहे. तिच्या हेतूंपेक्षा तिचे रकाने तपासायला हवेत.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २७ आणि २८ डिसेंबरला, याच जिल्ह्यात आणखी एका समितीची परीक्षा झाली. तापीपलीकडच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या अधिवेशनाकडे राजकारण म्हणून पाठ फिरवू नये. कारण ते कलेचेही मोठे आयोजन होते. खेड्यातले अधिवेशन खेड्यातल्याच साधनांनी उभे राहावे हा गांधीजींचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले. नंदलालबाबूंनी टिळकनगर उभारले ते इथे मिळणाऱ्या बांबूंनी आणि इथल्याच कारागिरांच्या हातांनी. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या सजवलेल्या रथातून. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन केले. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते तयारीला जुंपलेले होते. साने गुरुजी त्यासाठी खेडोपाडी फिरले. ध्वजारोहणाच्या वेळी झेंडा मध्येच अडकला तेव्हा शिरपूरचा एक तरुण सरसर खांबावर चढून गेला आणि त्याने तो मोकळा केला, ही हकिकत आमच्या भागात अजून सांगितली जाते. ती सांगताना माणसांचा आवाज बदलतो.

फैजपूरच्या आयोजकांनी जळगावच्या साहित्यिकांपेक्षा वेगळा प्रश्न विचारला होता. पाहुणे कोण बोलवायचे, याआधी त्यांनी विचारले की इथे काय आहे. त्यामुळे बुरूड, सुतार, गाडीवान यांची कला व्यासपीठाची शोभा न राहता व्यासपीठच झाली. त्याचे बी पुढे कुठेतरी रुजले असावे. एरवी खिरोद्यासारख्या खेड्यात, धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी यांच्या प्रेरणेने, सप्तपुट ललित कला भवनासारखी चित्रकलेची संस्था निघण्याचे कारण नव्हते.

पण फैजपूरलाही हात दिसले तसे कंठ दिसले का? साने गुरुजींचे उदाहरण या ठिकाणी बोलके आहे. बायकांच्या ओव्यांचे मोल त्यांना पुरेपूर ठाऊक होते. 'स्त्री जीवन' हा त्यांचा ओवीसंग्रह त्याची साक्ष देतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी शिकवले, हा जिल्हा त्यांनी पायाखाली घातला. तरीही त्यांच्या संग्रहातली ओवी ही समूहाची, अनाम ओवी आहे. जात्यावर बसलेली बाई परंपरेने आलेले गाते, अशीच तेव्हाच्या मोठ्या सहृदयांचीही समजूत होती. ती स्वतः रचते, निवडते, एखादा शब्द फेटाळून दुसरा बसवते, म्हणजे ती कवी असते, ही शक्यता कुणाच्या मनात फारशी नव्हती. लोकसाहित्याचा आदर करण्याच्या भरात आपण त्यातल्या व्यक्तीला पुसून टाकतो, हा पेच तेव्हापासूनचा आहे आणि आमच्या अभ्यासक्रमातून तो अजून गेलेला नाही.

धुळ्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे समितीचा एक तिसराच नमुना आढळतो. १९४४ च्या धुळे संमेलनाचे अध्यक्ष मामा वरेरकर होते, पण धुळ्याची खरी ओळख संमेलनाने झालेली नाही. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी मठांतली हस्तलिखिते गोळा करण्यात आयुष्य घातले. त्यातून समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले आणि लगेच ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे दहाव्या दिवशी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शोकसभेचा ठराव करून घरी न जाता या गावाने दप्तरे सांभाळायची व्यवस्था केली. मांडव आणि हारतुरे यांच्यापेक्षा कागद जपणारी ही समिती मला अधिक जवळची वाटते. अर्थात तिथेही जपले गेले ते लिहिलेलेच.

१९५२ चे अमळनेर संमेलन आले तेव्हा साने गुरुजी नव्हते आणि बहिणाबाईही नव्हत्या. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला. संमेलनाचे अध्यक्ष होते कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी, 'मराठी व्युत्पत्ति कोश'कार. आणि याच १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली. सोपानदेवांनी भीत भीत वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली, अत्रे थक्क झाले, त्यांनी प्रस्तावना लिहिली. ही कथा सर्वांना माहीत आहे. मला त्यातली भीती महत्त्वाची वाटते. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आईचे हे काव्य लेवा गणबोलीतले. शहरी रसिक त्याला काय म्हणतील, या संकोचाने ते इतकी वर्षे गप्प राहिले. अभिरुचीचे मानदंड व्यासपीठावरून घराच्या आत कसे उतरतात, याचे यापेक्षा लखलखीत उदाहरण मराठीत नाही.

पुढचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. १९८४ ला जळगावने शंकरराव खरातांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरवले, 'तराळ-अंतराळ' येऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. यादीचा एक बंद रकाना तिथे उघडला. १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला, प्रताप महाविद्यालयाच्या परिसरात, डॉ. रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावे संमेलन झाले. त्याच दिवसांत त्याच गावात डॉ. वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही झाले. एका तालुक्याच्या गावात दोन मांडव. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना जो प्रश्न उभा केला होता, तो अमळनेरच्या दोन मांडवांमधल्या रस्त्यावर चालताना सहज आठवावा असा होता. संमेलन या प्रकारावर सर्वांत तिखट टीका करणारे भालचंद्र नेमाडे हेही जळगाव जिल्ह्यातल्याच सांगवीचे, ही नोंद जाता जाता करून ठेवतो.

आता वरणगावविषयी. आयुधनिर्माणीमुळे देशभरातली माणसे इथे येऊन राहिली, आणि आतापर्यंत ग्रामपंचायतीचे असलेले हे गाव अलीकडे नगरपरिषदेचे झाले. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात विषय समित्यांची तरतूद आहे. तिच्यात 'शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य' यांची मिळून एकच समिती. सांस्कृतिक कार्य तिसऱ्या क्रमांकावर, क्रीडेच्याही मागे. पण क्रमांकाची तक्रार नाही. अशा समितीपुढे पहिल्याच बैठकीत जी यादी येईल ती आपल्याला आजच सांगता येते: जयंत्या, व्याख्यानमाला, एखादा गाजलेला गायक, बक्षीस समारंभ. भाद्रपदात घराघरांतून होणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांसाठी, श्रावणातल्या कानबाईच्या रोटांसाठी, म्हातारे होत चाललेल्या वहीगायकांसाठी ठराव कोणत्या सदरात लिहायचा? त्यांना मंचावर आणले तर पंधरा मिनिटांची 'झलक' होते. न आणले तर ती संपतात. या दोहोंच्या मधली वाट धुळ्याने दाखवलेली आहे: आधी गोळा करा, लिहून ठेवा, ध्वनिमुद्रित करा, गाणारीचे नाव विचारा. खर्च मांडवापेक्षा कमी येतो. टाळ्या मात्र मिळत नाहीत.

हे मी बाहेरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयीन स्नेहसंमेलनाच्या समितीत मीही होतो. सहभागाचा अर्ज आम्हीच तयार केला होता: कार्यक्रमाचे नाव, सादर करणारे, कवी किंवा लेखक, लागणारा वेळ. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी भुलाबाईची गाणी म्हणणार होती. कवीच्या रकान्यात काय लिहू, असे तिने विचारले. मी म्हणालो, 'पारंपरिक' लिही. तिने लिहिले. चार दिवसांनी ती पुन्हा आली आणि दारातच थांबून म्हणाली, "सर, आजीला विचारलं. त्यातली शेवटची दोन कडवी तिनेच बांधलीयेत म्हणे, माझ्या आईच्या लग्नाच्या वर्षी." कार्यक्रमपत्रिका तोवर छापायला गेली होती.