सिंदीच्या झांज्या

मी वैनगंगेकाठचा, कारध्याचा माणूस. ऑगस्ट 2020च्या महापुरात आमच्या परसातला अब्बांचा मातीचा गोठा बसला. दोन भिंती तेवढ्या उरल्या. गवंडी म्हणाला, "चाचा, सिमेंटचा गिलावा मारून देतो, जन्माची कटकट जाईल." माझे मन काही घेईना. मातीचे जुने घर कसे सांभाळतात ते पाहायला मी सेवाग्राम गाठले.

तिथे जो तो बापूकुटीकडे वळतो. मी मात्र रेंगाळलो परचुरे कुटीपाशी. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री आणि गांधीजी यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. शास्त्रीजींना कुष्ठरोग जडला. जवळची माणसेही ज्याच्या सावलीला उभी राहत नसत, असा तो आजार! 1939 साली ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना दूर कुठे धाडले नाही, आश्रमातच झोपडी दिली. ते रोज स्वतःच्या हाताने त्यांना मालीश करीत. इतिहासाच्या पुस्तकात अशा आडबाजूच्या खोपटाला ओळभरही जागा मिळत नाही. मला ते मोठ्या वाड्यांहून मोठे वाटते.

गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी या गावी आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. घरावर शंभर रुपयांपेक्षा अधिक खर्च करायचा नाही, सामान जवळपासचे आणि कारागीर गावचे, अशी त्यांची अट होती. ऑगस्ट 1946मध्ये ते दिल्लीला गेले, ते परतलेच नाहीत. माती मात्र अजून उभी आहे. पुढे 1978 साली इव्हान इलिच हा परदेशी विचारवंत बापूकुटीत बसून गेला आणि त्या साधेपणावर बोलला.

ही माती टिकते कशी? मृगाआधी कवेलू फेरायचे, फुटके काढून नवे घालायचे, भिंती सारवायच्या आणि झडीचा मारा लागू नये म्हणून बाहेरून सिंदीच्या झांज्या बांधायच्या. दरवर्षी! सिमेंट मातीवर धरत नाही. आत ओल कोंडते आणि एक दिवस पापुद्रा सुटून पडतो.

पण झांजीला सिंदी हवी, सिंदीला नाल्याचा काठ हवा, कवेलूला कुंभार हवा. कुटी राखायची तर भोवतालही राखावा लागतो. 2020 साली वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे पडू लागली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. मला वाटते, तीही कुटीचीच डागडुजी होती.

परत येऊन आम्ही माती भिजवली, तणस मिसळून तुडवली. कवेलू करणारा कुंभार मिळेना. शेवटी स्लॅब टाकणाऱ्या एका शेजाऱ्याकडून उतरवलेले कवेलू आणले. नाल्याच्या बांधावर चार सिंद्या लावल्या आहेत. त्या झांजीजोग्या होईपर्यंत पावसाळ्यात ताडपत्री बांधतो. अब्बा असते तर हसले असते.