फोंडाघाट : रस्त्याचा दर्जा आणि घाटाचा धोका

देवगडहून निघालेला राज्यमार्ग नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो, फोंडाघाटची बाजारपेठ मागे टाकतो आणि सह्याद्री चढू लागतो. माथ्यावर दाजीपूर, पुढे राधानगरी, शेवटी निपाणी. पूर्वी मीठ, नारळ, सुकी मासळी या वाटेने देशावर जायची आणि गूळ, मिरची, तंबाखू खाली यायचा. आज हापूसच्या पेट्या भरलेला टेम्पो आणि रुग्णाला घेऊन कोल्हापूर गाठू पाहणारी रुग्णवाहिका त्याच वळणांवर एकमेकांना वाट देतात. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी आणि पावसाळ्यात धुके. अशा रस्त्यासाठी निधी मागायचा तर सरकारी पैसा रस्त्यावर कसा येतो, हे आधी पाहावे लागते.

या प्रश्नाचा पहिला देशव्यापी विचार एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाला. मोटारी वाढल्या, रस्ते खचू लागले आणि जिल्हा बोर्डांना तो खर्च झेपेना, तेव्हा १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांची समिती नेमली गेली. रस्ते हा केवळ स्थानिक प्रश्न नाही, सबब पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, असे तिने सुचवले. गॅलनमागे २ आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला.

पुढची पायरी १९४३ ची. नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि रस्त्यांची प्रतवारी ठरली : राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण. नियोजनाला शिस्त आली. पण त्याबरोबर कोणत्या रस्त्याचा खर्च कोणी करायचा, हेही त्या रस्त्याच्या दर्जावर ठरू लागले.

फोंडाघाटाची अडचण इथे आहे. उत्तरेचा करूळ घाट तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर या राष्ट्रीय महामार्गावर आला. दक्षिणेची आंबोली संकेश्वर-बांदा राष्ट्रीय महामार्गावर. करूळचा घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा तिथली वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांवर वळवली गेली. म्हणजे राष्ट्रीय महामार्गाचा भार राज्यमार्गाने वाहिला. भार हलवता येतो. निधी मात्र दर्जाला बांधलेला राहतो.

धोका मोजण्याची रीतही अशीच आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राच्या निकषानुसार सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, अथवा १० मृत्यू झाले, तर ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. थोडक्यात हुकलेली टक्कर किंवा रात्री कोसळून सकाळी हटवलेली दरड या मोजणीत बसत नाही. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. नवा पूल त्यानंतर १६५ दिवसांत उभा राहिला. यंत्रणेला वेगाने काम करता येते, हे त्यातून दिसले. त्यासाठी आधी काय घडावे लागले, हेही दिसले.

घाटमाथ्यावर आणखी एक मर्यादा आहे. दाजीपूरचे जंगल १९५८ पासून गव्यांसाठी राखलेले; वनजमीन लागली की १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू होतो. ही मर्यादा रास्तच आहे. म्हणून मागणी केवळ चौपदरीकरणाची असू नये. भक्कम कठडे, दरडीवर जाळी, वाहती गटारे, रुंद मोऱ्या, वळणावर दिसेल असा फलक : यांना जमीन थोडी लागते आणि जीव मात्र वाचतात.

निवेदनात एक मुद्दा ठामपणे यावा. जयकरांच्या तत्त्वानुसार जो रस्ता वापरतो तो इंधनातून त्याचे मोल देतो. फोंडाघाट चढणारी गाडीही प्रत्येक लिटरमागे तोच उपकर भरते, जो महामार्गावरची गाडी भरते. उपकर घेताना रस्त्याचा दर्जा विचारला जात नाही. खर्च करताना तो एकमेव निकष असू नये.